मापाला मालक असावा का?

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. धान मोजण्यासाठी या भागात पूर्वी पायली, कुडव, खंडी अशी मापे होती. पण एका भागातली खंडी दुसऱ्या भागातल्या खंडीएवढीच असेल याची खात्री नसे. परगावच्या व्यापाऱ्याशी सौदा करायचा म्हटला की भाव ठरण्याआधी माप कोणते हे ठरवावे लागे. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, देशभर दशमान पद्धती आली आणि तुमसरच्या बाजारातला किलोग्रॅम व मुंबईच्या बाजारातला किलोग्रॅम एकच झाला.

सर्वांनी मिळून मान्य केलेल्या अशा मापाला ‘मानक’ म्हणतात. किलोग्रॅम वापरल्याबद्दल आपण कोणाला पैसे देतो का? नाही. वजने तयार करणाऱ्या कारखान्याला आपण वजनाची किंमत देतो, पण ‘किलोग्रॅम’ या मापाला कोणी मालक नाही.

आता एक कल्पना करा. सर्व बाजारांनी एक नवे माप स्वीकारले. सात वर्षे सगळ्यांचे व्यवहार त्या मापाने सुरळीत चालले. मग एके दिवशी एक गृहस्थ कागद घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘हे माप बनवण्याची युक्ती माझ्या नावावर नोंदलेली आहे. यापुढे असे माप तयार करणाऱ्या प्रत्येकाने मला पैसे द्यावेत.’’ बाजार काय करील? जुने माप टाकून द्यावे, तर सगळे हिशेब त्याच मापात लिहिलेले!

धानाच्या बाजारात असे घडले नाही. संगणकाच्या जगात मात्र अगदी असेच घडले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आधी संगणक आपले लेखन कसे साठवतो ते पाहू.

‘भंडारा’ म्हणजे सहा आकडे

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘युनिकोड’ या मानकात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. ‘भंडारा’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने असा दिसतो:

भ – २३४९, अनुस्वार – २३०६, ड – २३३७, काना – २३६६, र – २३५२, काना – २३६६.

हे आकडेही शेवटी शून्य आणि एक यांच्याच रूपात साठवले जातात. २३४९ ही संख्या द्विमान पद्धतीत १००१००१०११०१ अशी होते. तुम्ही स्वतः पडताळून पाहा.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात देवनागरी होती, आणि देवनागरीची मांडणी भारतात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या क्रमांकपद्धतीवर बेतलेली होती. भारतीय मानक ब्यूरोने इस्कीला १९९१ साली मानकाचा दर्जा दिला.

तरीही त्यानंतर पुष्कळ वर्षे मराठी टंकलेखन ‘माझे माप वेगळे, तुझे माप वेगळे’ याच रीतीने चालले. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या अक्षरसंचात मराठी अक्षरांचे तुकडे स्वतःला सोयीच्या क्रमांकांवर बसवले होते. एका संचात टंकलेला मजकूर दुसरा संच असलेल्या संगणकावर उघडला, की तेच आकडे वेगळ्या अक्षरांचे ठरत आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उभी राही. मजकूर हरवलेला नसे, पण तो वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात असे. युनिकोडने ही अडचण दूर केली, कारण त्याची क्रमांकांची यादी सर्वांसमोर आहे आणि ती वापरण्यासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागत नाही.

अक्षरांनंतर मांडणी

अक्षरांचे क्रमांक ठरले म्हणजे काम संपले असे नाही. एखादा अर्ज घ्या. त्यात मथळा ठळक असतो, मध्ये तक्ता असतो, खाली सहीसाठी जागा असते. ‘ही ओळ ठळक आहे’, ‘येथे तक्ता सुरू होतो’ या सूचनाही फाइलमध्ये कोठेतरी लिहाव्या लागतात. त्या कशा लिहायच्या याच्या नियमांना आपण ‘दस्तऐवजाचे मानक’ म्हणू.

अशी दोन मानके प्रसिद्ध आहेत. पहिले ‘ओपन डॉक्युमेंट’, थोडक्यात ओडीएफ. त्याला आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, २००६ साली मान्यता दिली. दुसरे मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुढे आणलेले ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’, थोडक्यात ओओएक्सएमएल. त्याला २००८ साली मान्यता मिळाली. दोन्हींचे नियम छापील स्वरूपात कोणालाही वाचायला मिळतात.

मग अडचण कसली? नियम वाचायला मिळणे ही एक गोष्ट झाली आणि ते नियम पाळणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार करण्याची मोकळीक असणे ही दुसरी. येथेच पेटंटचा प्रश्न उभा राहतो.

पेटंट म्हणजे काय?

पेटंटला मराठीत ‘एकस्व’ असे नाव आहे. तो संशोधक आणि समाज यांच्यातला एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती सविस्तर लिहून जाहीर करायची. त्याच्या बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळ, म्हणजे अर्ज केल्यापासून २० वर्षे, ती युक्ती दुसऱ्यांना वापरू न देण्याचा अधिकार देते. मुदत संपली की युक्ती सर्वांची होते. भारतात यासाठी १९७० चा पेटंट कायदा आहे. पेटंटचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था भंडाऱ्याच्या शेजारीच, नागपूरला आहे.

हा करार वाईट नाही. एखाद्या कारागिराने धान कांडण्याचे नवे यंत्र वर्षानुवर्षे खपून तयार केले, तर त्याला त्याचे फळ मिळायलाच हवे.

येथे एक फरक नीट लक्षात घ्या. पुस्तकाला ‘कॉपीराइट’ म्हणजे लेखाधिकार असतो. तुमचा निबंध मी उतरवून माझ्या नावावर खपवू शकत नाही. पण त्याच विषयावर स्वतःचा निबंध जरूर लिहू शकतो. भारतात १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकाच्या आज्ञावलींनाही लेखाधिकाराचे संरक्षण आहे. पेटंटचे तसे नाही. पेटंट युक्तीलाच कुंपण घालते. तीच युक्ती तुम्ही कोणाचेही न पाहता, स्वतःच्या डोक्याने शोधून काढली, तरी मालकाच्या परवानगीवाचून ती वापरता येत नाही.

यंत्राच्या बाबतीत एक युक्ती अडली तर दुसरी शोधता येते. पण मानकाच्या बाबतीत? ‘या फाइलमधला तक्ता याच रीतीने वाचला पाहिजे’ असा नियमच असेल आणि त्या रीतीवर पेटंट असेल, तर पळवाट उरत नाही. वेगळी रीत वापरली तर फाइल उघडणार नाही, आणि तीच रीत वापरली तर पेटंटधारकाचे देणे लागेल. मानक आणि पेटंट एकत्र आले की असा दुहेरी पेच पडतो.

एका चित्रमापाची गोष्ट

हे नुसते तर्काने सांगत नाही. खरे उदाहरण पाहा.

१९८७ साली अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने चित्रे साठवण्याची ‘जीआयएफ’ नावाची पद्धत जाहीर केली आणि ती सर्वांना मोकळेपणाने वापरू दिली. चित्र लहान जागेत बसवण्यासाठी तिच्यात एक सुंदर गणिती युक्ती होती. समजा चित्रात ‘निळा, निळा, पांढरा’ असे ठिपके पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा आल्यावर त्या ओळीला एक क्रमांक द्यायचा आणि पुढे ती ओळ आली की फक्त क्रमांक लिहायचा. याहून गमतीची गोष्ट म्हणजे, क्रमांकांचा हा कोश फाइलबरोबर पाठवावाच लागत नाही. वाचणारा संगणक वाचता वाचता तोच कोश स्वतः पुन्हा तयार करतो!

इस्रायलमधील याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी १९७८ साली मांडलेल्या कल्पनेत टेरी वेल्च यांनी सुधारणा करून ही युक्ती सिद्ध केली. तिघांच्या आडनावांवरून तिला ‘एलझेडडब्ल्यू’ म्हणतात. वेल्च यांचा लेख १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुष्कळांनी तो वाचला आणि युक्ती वापरली. पण त्या आधीच, जून १९८३ मध्ये, पेटंटसाठी अर्ज झाला होता आणि डिसेंबर १९८५ मध्ये ते मंजूरही झाले होते. पुढे ते युनिसिस कंपनीकडे आले.

जीआयएफ जगभर पसरले. मग डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झाले, की जीआयएफ चित्रे तयार करणारी किंवा वाचणारी आज्ञावली विकणाऱ्यांनी परवाना घेऊन पैसे द्यावेत. १९८७ ते १९९४, बरोबर सात वर्षे! सुरुवातीच्या कल्पनेतले कागद घेऊन आलेले गृहस्थ आठवले ना?

संगणकतज्ज्ञांनी यावर उत्तर शोधले. त्यांनी पेटंट नसलेल्या युक्तीवर आधारलेले ‘पीएनजी’ हे नवे चित्रमानक तयार केले. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने मान्यता दिली. पीएनजी जीआयएफपेक्षा सरसही निघाले. जून २००३ मध्ये युनिसिसचे अमेरिकेतील पेटंट संपले, पुढच्या वर्षी इतर देशांतलीही संपली, आणि आज जीआयएफ कोणीही मोकळेपणाने वापरू शकतो. पण मधली आठ-नऊ वर्षे ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते, त्या लहान कारागिरांना आपल्या आज्ञावलींतून ही सोय काढून टाकावी लागली.

वचन एकाचे, दावा दुसऱ्याचा

दस्तऐवजांच्या मानकांना हा धोका ठाऊक होता. म्हणून २००५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जाहीर केले, की ओडीएफ वापरणाऱ्यांवर ती आपल्या पेटंटांचा दावा लावणार नाही. २००६ साली मायक्रोसॉफ्टनेही आपल्या काही मानकांबाबत तसेच वचन प्रसिद्ध केले, आणि त्यात पुढे ओओएक्सएमएलही आले.

वचन देणारा स्वतःला बांधून घेतो, तिसऱ्याला नाही. कॅनडातील टोरंटो शहरात आयफोरआय नावाची लहान कंपनी होती. मजकूर एकीकडे आणि त्याच्या मांडणीच्या सूचना दुसरीकडे, अशा वेगवेगळ्या ठेवण्याच्या रीतीवर तिला १९९८ साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते. मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’मधील एक सोय याच रीतीची आहे, असा तिने दावा लावला. २००९ साली टेक्सास राज्यातील ज्यूरीने २० कोटी डॉलर भरपाई ठरवली. व्याज वगैरे धरून ही रक्कम सुमारे २९ कोटींवर गेली. जानेवारी २०१० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ‘वर्ड’मधून ती सोय काढावी लागली. जून २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. ही सोय ओओएक्सएमएलच्या नियमांतही लिहिलेली होती.

या खटल्याकडे दोन्ही बाजूंनी पाहा. लहान कंपनीला बलाढ्य कंपनीविरुद्ध न्याय मिळाला, ही पेटंटची चांगली बाजू. पण बलाढ्य कंपनी हा दंड भरून उभी राहिली. त्याच मानकाप्रमाणे फाइल वाचणारी छोटी आज्ञावली तुमसरच्या एखाद्या मुलीने तयार करून अमेरिकेत विकायला काढली असती आणि तिच्यावर असा दावा आला असता, तर तिला पहिल्या सुनावणीच्या वकिलाची फीसुद्धा झेपली नसती.

भारताने काय ठरवले?

आपल्या पेटंट कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली. तिच्यातील ३(के) या कलमाप्रमाणे गणिती रीत, व्यापाराची रीत, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने सोडवण्याची कृती, यांना शोध मानले जात नाही. म्हणून त्यांना पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ मध्ये एका वटहुकुमाने हे दार थोडे किलकिले केले होते. उद्योगात तांत्रिक उपयोग असलेल्या आज्ञावलींना त्यात वाट दिली होती. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मार्च २००५ मध्ये संसदेने कायदा केला, तेव्हा तो भाग गाळला आणि जुने शब्द कायम ठेवले. ‘निव्वळ’ या शब्दाचा अर्थ किती ताणायचा यावर आजही वाद होतात. यंत्र आणि आज्ञावली मिळून झालेल्या काही शोधांना पेटंट मिळतेही.

दुसरा प्रश्न मानकांचा. ओओएक्सएमएलला आंतरराष्ट्रीय मानक करावे का, यावर देशोदेशींच्या मानक संस्थांनी मते दिली. भारतीय मानक ब्यूरोने २००७ साली विरोधात मत दिले आणि २००८ साली तेच कायम ठेवले. जगभरच्या आक्षेपांत पेटंटांची अनिश्चितता होती, तशीच इतर कारणेही होती. मसुदा सुमारे सहा हजार पानांचा होता. शिवाय तारखा मोजण्याच्या नियमात १९०० हे वर्ष लीप वर्ष धरले होते! शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच लीप असते हे तुम्ही शाळेत शिकला आहात. एका जुन्या आज्ञावलीतली चूक जुन्या फाइली चालाव्यात म्हणून तशीच पुढे आली होती. अखेर मानक मंजूर झाले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केले, पण ऑगस्ट २००८ मध्ये ते फेटाळले गेले.

तिसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. सरकारी कामासाठी निवडलेल्या मानकाला लागणारी पेटंटे त्या मानकाच्या संपूर्ण आयुष्यभर विनामूल्य वापरता आली पाहिजेत, अशी अट त्यात आहे. मानक ना-नफा संस्थेने सांभाळलेले असावे आणि त्यात भारतीय भाषांची सोय करता यावी, याही अटी आहेत. योग्य मानक मिळतच नसेल तर अपवादाची तरतूद आहे. पण मूळ नियम मापाला मालक नसावा हाच आहे.

गोष्ट सातबाऱ्यापर्यंत येते

तुम्ही म्हणाल, टोरंटो आणि टेक्सासच्या भांडणाशी साकोली-लाखांदूरच्या शेतकऱ्याचा काय संबंध?

२०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावरून मिळतो. तो ‘पीडीएफ’ या स्वरूपातील फाइल असतो. पीडीएफ ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ साली काढली. नियम प्रसिद्ध असले तरी मालकी तिचीच होती. २००८ साली पीडीएफ आयएसओचे मानक झाले आणि ते पाळण्यासाठी लागणारी आपली पेटंटे कंपनीने सर्वांना विनामूल्य खुली केली. म्हणून आज तोच सातबारा पवनीच्या सेवा केंद्रात, बँकेत किंवा साध्या मोबाइलवर, निरनिराळ्या लोकांनी बनवलेल्या आज्ञावलींतून उघडता येतो. सातबारा वाचण्यासाठी अमुकच कंपनीची वस्तू घ्या, असे शेतकऱ्याला कोणी सांगू शकत नाही.

कागदाचा सातबारा वाचायला चष्मा पुरे. संगणकातल्या सातबाऱ्याला आज्ञावली लागते, आणि ती आज्ञावली पन्नास वर्षांनीही कोणालातरी नव्याने बनवता आली पाहिजे. ज्या कंपनीने फाइल तयार केली ती तोवर असेल वा नसेल, जमिनीची नोंद मात्र असायलाच हवी. म्हणूनच सरकारी कागदांच्या मानकांबाबत इतकी काळजी घ्यावी लागते.

एक गैरसमज टाळा. खुले मानक म्हणजे फुकट आज्ञावली नव्हे. खुल्या मानकावर चालणारी आज्ञावली कोणी विकत देऊ शकते, कोणी मोफत. वजनाच्या कारखान्यांत चढाओढ असावी. किलोग्रॅम मात्र सर्वांचा असावा.

करून पाहा

१. शाळेच्या संगणकावर लिबरऑफिस ही मोफत आज्ञावली असेल, तर तिच्या ‘रायटर’मध्ये ‘भंडारा’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहा आणि ओडीटी प्रकारची फाइल जतन करा. तिची एक प्रत काढून, नावाच्या शेवटी टिंबानंतर असलेल्या ‘ओडीटी’च्या जागी ‘झिप’ करा आणि ती उघडा. आत अनेक लहान फाइली दिसतील. त्यांतील ‘कंटेंट’ नावाची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडा आणि तुमचा शब्द शोधा. त्याच्या आजूबाजूला कोनी कंसांत काय लिहिले आहे? ठळकपणाची सूचना सापडते का?

२. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. तेथून व्यंजने क्रमाने मोजत ‘भ’पर्यंत या. तुमचे उत्तर २३४८ येईल. पण खरा क्रमांक २३४९ आहे. ‘न’ आणि ‘प’ यांच्यामध्ये कोणते अक्षर बसले असेल? (सूचना: ‘न’च्या खाली नुक्ता देऊन पाहा.)

विचार करा

१. धान कांडण्याच्या यंत्रावर पेटंट असणे आणि फाइल वाचण्याच्या रीतीवर पेटंट असणे यांत तुम्हाला कोणता फरक दिसतो?

२. मानक ठरवणाऱ्या समितीत तुम्ही असता, तर युक्ती निवडण्यापूर्वी सभासदांना कोणता प्रश्न विचारला असता?

३. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीतील कोणत्या नोंदी पन्नास वर्षांनंतरही वाचता आल्या पाहिजेत? यादी करा आणि वर्गात चर्चा करा.